जुन्या संगणकांचे संगीत



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काही मंडळींनी आम्हांस विचारले, की संगणकावर गाणी वाजतात हे तर आता शाळकरी पोरासही ठाऊक आहे; त्यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे? शंका रास्त आहे. संगणकावर किंवा खिशातल्या फोनवर जे गाणे आपण ऐकतो ते कोणीतरी गायलेले असते, कोणीतरी मुद्रित केलेले असते, आणि यंत्र ते आपल्याला जसेच्या तसे परत ऐकवते. म्हणजे तेथे संगणकाचे काम जुन्या फोनोच्या तबकडीचेच. आजचा विषय तो नव्हे. आज आम्ही ज्या संगीताविषयी बोलणार आहोत त्यात मुद्रित असे काही नसते. आगपेटीहून लहान असा अठ्ठावीस पायांचा एक काळा तुकडा, त्यात घातलेले काही आकडे, आणि त्या आकड्यांबरहुकूम त्या तुकड्याने तेथल्या तेथे निर्माण केलेला स्वर, एवढाच त्याचा संसार. या संगीतास 'चिपट्यून' असे नाव पडले आहे.

हे संगीत आपण कोणी ऐकलेच नाही असे मात्र नाही. १९९०च्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचे जे व्हिडिओ गेम आपल्या बाजारात आले, त्यांतील पुष्कळसे जपानच्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या नकला होते. परीक्षा संपली की मुले त्यावर मारिओ खेळत आणि आतल्या खोलीत वडीलमंडळी कपाळाला हात लावून बसत. त्या मारिओची चाल कोजी कोंडो या संगीतकाराने १९८५ साली रचली. दोन आवाज चौकोनी तरंगांचे, एक त्रिकोणी तरंगाचा आणि ठेक्यासाठी एक निव्वळ खरखरीचा, अशा चार आवाजांत ती बसवलेली आहे. आज या सभागृहात ती कोणी शिट्टीवर घातली तर निम्मी सभा ओळखील. ज्याला आम्ही त्या वेळी 'टुंगटुंग' म्हणून हिणवले ते चाळीस वर्षे लोकांच्या कानांत टिकून आहे, एवढी गोष्ट प्रथम मान्य करू आणि पुढे जाऊ.

या सर्व चिपांत आम्ही एकीचाच विस्ताराने विचार करणार आहोत. तिचे नाव 'सिड'. १९८२ साली अमेरिकेत 'कमोडोर ६४' नावाचा घरगुती संगणक बाजारात आला, त्यात ती होती. हा संगणक पुढे एक कोटीहून अधिक खपला. ही चिप १९८१ साली बॉब यॅनिस या तरुण अभियंत्याने आखली. यॅनिस यांस इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा नाद होता. त्या काळच्या इतर ध्वनिचिपा ज्यांनी केल्या त्यांना संगीताचा गंध नसावा, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खरीही होती. कारण त्या चिपा केवळ शिट्या घालीत. यॅनिस यांनी आपल्या चिपेत तीन स्वर ठेवले. त्यांना जास्त हवे होते. परंतु वेळ थोडा होता, म्हणून एकच स्वरजनक आखून तो तीनदा उतरवला. प्रत्येक स्वराला चार प्रकारचे तरंग दिले: त्रिकोणी, करवतीच्या दात्यांसारखा, चौकोनी आणि खरखरीचा. चौकोनी तरंगाची रुंदी ४०९६ पायऱ्यांनी बदलता येईल अशी सोय केली. स्वर किती वेगाने उठावा, उठल्यावर किती खाली बसावा, कोठे टिकावा आणि सोडल्यावर किती वेळात विरावा, हेही प्रत्येकाला वेगळे ठरवता येई. आणि या सगळ्यांवर एक गाळणी ठेवली, जी स्वरातील तीव्र किंवा खर्ज अंश हवा तसा गाळून टाकते. त्या काळी ही सामग्री वाद्यांच्या दुकानात काचेआड ठेवलेल्या महागड्या सिंथेसायझरांत असे. येथे ती पोरांच्या खेळण्याच्या यंत्रात आली.

परंतु सामग्री म्हणजे संगीत नव्हे. चिपेत एकूण २९ कप्पे आहेत. त्यांतील बहुतेक कप्प्यांत एकेक आकडा घालायचा. आकडा बदलला की स्वर बदलतो. हे आकडे कोणी, केव्हा, कोणत्या क्रमाने बदलायचे? त्यासाठी यंत्रभाषेत एक छोटा कार्यक्रम लिहावा लागे. हा कार्यक्रम सेकंदाला पन्नास वेळा जागा होई, तिन्ही स्वरांचे आकडे बदली आणि पुन्हा झोपी जाई. कारण उरलेला सगळा वेळ खेळाला हवा असे. पन्नासच का, तर युरोपातील टीव्हीच्या पडद्यावर चित्र सेकंदाला पन्नास वेळा उमटे म्हणून. अमेरिकेत ते साठ वेळा उमटते. त्यामुळे इंग्लंडात रचलेली चाल अमेरिकेतल्या यंत्रावर एकपंचमांश अधिक घाईने वाजे, आणि कित्येक अमेरिकन मुलांना तीच खरी लय वाटे.

या कलेतील पहिला मोठा माणूस म्हणजे रॉब हबर्ड. इंग्लंडातील हल या बंदराच्या शहरी १९५५ साली जन्मलेला हा वादक. संगणकाची भाषा तो स्वतःच शिकला. त्याचा स्वर वाजवणारा कार्यक्रम सुमारे एक हजार बाइटांत मावत असे. 'बाइट' म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील एक घर एवढे तूर्त धरून चालू. १९८५ साली 'कमांडो' या खेळाचे संगीत त्याच्याकडे आले. कंपनीच्या कचेरीत तो रात्री उशिरा कामाला बसला, मूळ खेळाची चाल एकदा ऐकली, रात्रभर जागून सकाळी आठापर्यंत आपली चाल पुरी केली आणि इमारतीतल्या प्रत्येक संगणकावर ती चालू करून ठेवली. ही हकीकत त्यानेच पुढे सांगितलेली आहे. सकाळी कामावर येणाऱ्यांचे स्वागत कसे झाले असेल याची कल्पना करावी! त्याच वर्षीची त्याची 'मॉन्टी ऑन द रन' ही चाल अधिक प्रसिद्ध आहे. खेळ सामान्यच, पण पुष्कळ मुले तो खेळतच नसत, आरंभीचा पडदा लावून नुसती ऐकत बसत.

आता तीन स्वरांत एवढे कसे भागते हे पाहिले पाहिजे, कारण खरी मौज तेथेच आहे. पाश्चात्त्य संगीतात स्वरमेळाला फार महत्त्व. पेटीवर तीन पट्ट्या एकदम दाबाव्यात तसे तीन स्वर एकत्र लावल्यावाचून त्यांच्या गाण्याला बैठक येत नाही. पण तिन्ही स्वर मेळात खर्च केले तर चाल कोण वाजवणार आणि ठेका कोण धरणार? यावर तोड अशी काढली: एकाच आवाजाने तिन्ही स्वर पाळीपाळीने घ्यायचे, आणि इतक्या त्वरेने घ्यायचे की कानाने फसावे. सेकंदाला पन्नास वेळा आकडा बदलता येतो. प्रत्येक वेळी पुढचा स्वर घ्यायचा. कान त्यातून तीन वेगळे स्वर काढू शकत नाही आणि पुरता एक मेळही ऐकू शकत नाही. त्याला एक थरथरता, पाण्यावरच्या उन्हासारखा आवाज ऐकू येतो. चिपसंगीताची जी ओळखीची लकेर आहे ती हीच. प्रथम ती अडचणीतून निघाली. पुढे शंभर स्वर एकदम वाजवणारी यंत्रे आली तरी लोकांनी ती सोडली नाही, कारण तोवर तिची गोडी लागली होती.

ठेक्याचेही तसेच. खर्जाचा स्वर लावण्यापूर्वी एक-दोन पन्नासांश सेकंद त्याच आवाजात खरखर सोडायची आणि लागलीच खर्जावर यायचे. ऐकणाऱ्याला वाटते, ढोल वाजला आणि त्यामागून खर्ज आला. वस्तुतः दोन्ही एकाच गड्याने केले. आपल्या तमाशात एकच नट पागोटे बदलून राजाचा शिपाई होतो, तसा हा प्रकार. आणि प्रेक्षकाला ते कळले तरी त्याची हरकत नसते.

पण याहूनही आम्हांस विलक्षण वाटते ती गोष्ट या चिपेतल्या दोषांची. तिची गाळणी जरा लहरी होती. त्याच कारखान्यातून निघालेल्या दोन चिपांत ती सारखी वागत नसे. एका घरी जी चाल घुमून येई, ती दुसऱ्या घरी तोंडावर उशी धरल्यासारखी दबे. म्हणून कित्येक रचनाकार गाळणीला हातच लावीत नसत. आणि जे लावीत ते आपल्या स्वतःच्या यंत्राला अनुसरून लावीत. दुसरा दोष आणखी गमतीचा. सगळ्या स्वरांचा एकत्रित जोर कमीअधिक करण्यासाठी चिपेत सोळा पायऱ्यांची एक किल्ली होती. ती किल्ली फिरवली की, स्वर चालू नसला तरी, 'टक्' असा आवाज होई. असा आवाज होणे हा आखणीतला दोषच. परंतु कोणाच्या तरी लक्षात आले, की ही किल्ली सेकंदाला हजारो वेळा वरखाली फिरवली तर त्या 'टक्-टक्'ची मिळून एक अखंड लाट तयार होते, आणि ती लाट हव्या त्या आकाराची करता येते. म्हणजे मुद्रित केलेला ढोल, गिटार, फार काय माणसाचा शब्दसुद्धा, या दोषातून वाजवता येतो! तीन स्वरांच्या चिपेला असा चौथा स्वर मिळाला, जो तिच्या कर्त्याने दिलेलाच नव्हता. मार्टिन गॅलवे याने १९८७ साली 'आर्कनॉइड'मध्ये आणि हबर्ड याने त्याच वर्षी 'स्केट ऑर डाय'मध्ये त्याचा उपयोग केला.

पुढे काय झाले पाहा. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने चिपेची नवी आवृत्ती काढली. पहिलीचा क्रमांक ६५८१, दुसरीचा ८५८०. नव्या आवृत्तीत अभियंत्यांनी जुने दोष दुरुस्त केले. गाळणी शिस्तीत वागू लागली आणि किल्लीचा आवाजही जवळजवळ बंद झाला. झाले! ज्यांनी नवे यंत्र विकत घेतले त्यांच्या घरी तो चौथा स्वर क्षीण झाला; गिटार गेली, ढोल गेला. तेव्हा लोकांनी काय करावे? यंत्र उघडले, चिपेच्या एका पायापासून एक छोटा रोधक डाखला आणि तो दोष पुन्हा उत्पन्न करून घेतला. कारखान्याने केलेली दुरुस्ती गिऱ्हाईकाने घरी बसून रद्द केली. सतारीची जवारी जाणून ठेवलेली असते, हे येथे बसलेल्या रसिकांस सांगावयास नको. कोणी नवा कारागीर घोडी अगदी गुळगुळीत करून तार स्वच्छ वाजेल अशी व्यवस्था करील तर सतारियाने त्याला घरी पाठवावे, तसेच हे झाले. यंत्र आणि वाद्य यांत अंतर कोठे पडते, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही याच रोधकाकडे बोट दाखवू. यंत्राचा दोष घालवायचा असतो. वाद्याचा दोष, तो एकदा अंगवळणी पडला की, वादक जपून ठेवतो.

याच काळी इंग्लंडात 'स्पेक्ट्रम' नावाचा आणखी एक स्वस्त संगणक होता. त्याच्या १९८२च्या मूळ यंत्रात ध्वनिचिपही नव्हती. एक बारीक कर्णा होता आणि त्याला 'चालू' किंवा 'बंद' एवढेच कळे. घराच्या विजेच्या बटणाइतकीच त्याची अक्कल. टिम फॉलिन या तरुणाने तेच बटण इतक्या वेगाने आणि इतक्या हिशेबाने उघडमीट केले, की त्यातून एकाच वेळी कित्येक सूर ऐकू येऊ लागले. १९८७चे त्याचे 'क्रोनोस'चे संगीत ज्यांना शक्य असेल त्यांनी ऐकावे. ते गोड आहे असे आम्ही म्हणणार नाही. मधमाश्यांच्या पोळ्यातून बँड वाजावा तसे ते आहे. पण ते आहे हेच आश्चर्य.

आपल्याकडे काय होते? भारत सरकारने १९८४ साली 'क्लास' नावाची योजना सुरू केली आणि निवडक शाळांना इंग्लंडचा 'बीबीसी मायक्रो' संगणक दिला. त्यातही तीन स्वर आणि एक खरखर अशी चिप होतीच. परंतु शाळेतले यंत्र शाळा सुटली की कुलपात जाते. हबर्डचे यंत्र रात्रभर, सकाळी आठापर्यंत, त्याच्या हाताशी होते. वाद्याचा रियाज तासिकेच्या वेळापत्रकाने होत नाही, आणि हे काम तर दहा आकडे बदलून एकदा ऐकायचे, पुन्हा दहा बदलायचे, अशा चिवट जागरणाचे.

आता या संगीतामागच्या समाजाकडे वळू. त्याची सुरुवात फारशी सन्माननीय नाही, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. खेळांच्या कॅसेटी आणि डिस्का विकत घ्याव्या लागत, आणि नकला होऊ नयेत म्हणून त्यांत कुलपे घातलेली असत. युरोपातील काही तरुण ती कुलपे फोडीत आणि खेळ फुकट वाटीत. ही चोरीच होती; तिच्यामुळे लहान लहान खेळकर्त्यांच्या पोटावर पाय आला, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. पण हे चोर आपली सही ठेवून जात. खेळ सुरू होण्यापूर्वी पडद्यावर त्यांच्या टोळीचे नाव सरके, रंगीत पट्टे नाचत आणि खाली एखादी चाल वाजे. सहीवरून टोळ्यांत चढाओढ लागली. सही मोठी होत गेली, सुंदर होत गेली. शेवटी काहींनी खेळ बाजूला टाकला आणि नुसती सहीच करू लागले. तिला 'डेमो' म्हणतात. संगणकाने आपल्या समोर, त्या क्षणी, चित्रे आणि संगीत निर्माण करावयाचे; त्यात खेळायचे काही नाही, विकायचे काही नाही, नुसते पाहायचे आणि ऐकायचे.

हे लोक दरवर्षी एकत्र जमू लागले. डेन्मार्कात १९९१ साली 'द पार्टी' सुरू झाली. १९९२ साली फिनलंडात 'असेंब्ली' आणि नॉर्वेत 'द गॅदरिंग'. आपली व्याख्यानमाला जशी वसंतात भरते तसा त्यांचा एक मोठा मेळा जर्मनीतील झारब्र्युकेन येथे २०११ पासून ईस्टरच्या सुट्टीत भरत आला आहे; त्याचे नाव 'रिव्हिजन'. मोठ्या सभागृहात शेकडो माणसे आपापला संगणक घेऊन बसतात. कृती मोठ्या पडद्यावर लावली जाते आणि जमलेले लोकच मत देऊन क्रम ठरवतात. परीक्षक मंडळ नाही, तिकिटावर चढाओढीचे दर नाहीत. कर्त्याला ओळखतात ते त्याच्या टोपणनावाने. शेजारी बसलेल्याचे खरे नाव वर्षानुवर्षे ठाऊक नसले तरी चालते.

यांच्या स्पर्धांत एक प्रकार असा असतो, की कृती अमुक इतक्या बाइटांत बसली पाहिजे. २००० साली 'फारब्राउश' या जर्मन गटाने अकरा मिनिटांची चित्रसंगीतकृती ६४ किलोबाइटांत बसवली. २००९ साली 'एलिव्हेटेड' नावाची कृती आली ती केवळ ४०९६ बाइटांची. तीत बर्फाच्छादित पर्वतांवरून आपण साडेतीन मिनिटे उडत जातो आणि सोबत संगीत चालू असते. ४०९६ बाइट म्हणजे किती? देवनागरीचे एक चिन्ह साठवायला आजच्या पद्धतीत तीन बाइट लागतात. म्हणजे तेवढ्या जागेत मराठीचे जेमतेम सव्वादोनशे शब्द मावतात. आजचे हे व्याख्यान त्या पर्वतरांगेच्या दसपट जागा अडवते. आता कोणी म्हणेल, की स्मृती एवढी स्वस्त झाली असताना ही काटकसर कशासाठी? अक्षरांची टंचाई नसतानाही आमचे कवी अक्षरे मोजून ओवी आणि वृत्त रचतच आले. त्यांना हा प्रश्न आपण विचारीत नाही.

या समाजाची एक पद्धत आम्हांस विशेष आवडते. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणाने 'अमिगा' या नव्या संगणकासाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' नावाचा कार्यक्रम केला. यंत्रभाषा न येणाऱ्यालाही त्याने संगीत रचता येऊ लागले. पडद्यावर चार उभे रकाने असतात आणि त्यांतून स्वर आणि वाद्याचा क्रमांक यांच्या नोंदी वाण्याच्या रोजमेळासारख्या खालून वर सरकत जातात. त्यातून जी फाइल तयार होते ती वाजवणाऱ्याला उघडूनही पाहता येते. कोणता स्वर कोठे घेतला, मींड कशी साधली, ठेका कसा लपवला, सगळे डोळ्यांसमोर. आमच्याकडे चीज देताना काही बुवा हात आखडता घेत, अंतरा शिष्याच्या लग्नापर्यंत राखून ठेवीत. येथे तसे करण्याची सोयच नव्हती. जो ऐके तो शिके. गंमत अशी, की 'चिप' हे नाव या संगीताला अमिगावरच पडले. अमिगाला मुद्रित ध्वनी वाजवता येत होते. तरी १९९०च्या सुमारास काहींनी मुद्दाम इवल्याशा तरंगांच्या तुकड्यांतून जुन्या चिपेसारखे सूर काढले आणि त्यांस चिपसंगीत म्हटले. मूळ जिनसेला नाव मिळाले ते तिच्या नकलेवरून.

मात्र जेथे सगळे उघडे असते तेथे बाहेरचा माणूसही आत येतो. २००० साली फिनलंडच्या यान्ने सुनी याने 'ॲसिडजॅझ्ड ईव्हनिंग' नावाची एक चाल रचून असेंब्लीच्या जुन्या यंत्रांच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. नॉर्वेच्या ग्लेन रूने गालेफॉस याने सुनीच्या संमतीने ती कमोडोर ६४वर बसवली, आणि २००२ साली ती ऑस्ट्रेलियातील एका डिस्क-मासिकातून प्रसिद्ध झाली. २००६ साली नेली फुर्टाडो या विख्यात गायिकेचा 'लूज' हा संग्रह निघाला. त्यातील 'डू इट' या गाण्याचे निर्माते टिंबालंड. २००७च्या आरंभी लोकांनी दोन्ही चाली शेजारी ठेवून वाजवल्या आणि एकच गवगवा झाला. हक्क घेतलेल्या फिनिश कंपनीने अमेरिकेत दावा लावला. २०१२ साली अपील न्यायालयाने तो अखेर फेटाळला, पण कशावर? चाल उचलली की नाही, हा प्रश्न न्यायालयाने निकालात काढलाच नाही. अमेरिकन कायद्याप्रमाणे कृती अमेरिकन असेल तर दाव्यापूर्वी तिची नोंदणी हवी; ती प्रथम परदेशी प्रसिद्ध झाली असेल तर नको. मग इंटरनेटवरून फिरलेल्या डिस्क-मासिकातील कृती प्रथम प्रसिद्ध झाली कोठे? ऑस्ट्रेलियात, की एकाच क्षणी साऱ्या जगात? वादीला हे शाबीत करता आले नाही, नोंदणीही झालेली नव्हती, दावा गेला.

यावर काहींनी 'चोराच्या घरी चोरी' अशी मल्लिनाथी केली. आम्हांस ती पटत नाही. १९८३ साली कोणी कुलूप फोडले म्हणून २००० साली आपली स्वतःची चाल रचणाऱ्या मुलाचा हक्क जात नाही. आम्हांस बोचते ते वेगळेच. या समाजात दुसऱ्याची चाल घेऊन वाजवण्यास बंदी नाही. गालेफॉसने तेच केले. पण त्याने विचारले, आणि मूळ कर्त्याचे नाव पहिल्या ओळीत घातले. नाव हेच तेथले नाणे आहे. ज्याला मोबदला मागायचा नाही, त्याच्या हातून नावही गेले तर उरले काय? कोर्टाच्या भाषेत या नुकसानीस कलम नाही.

गेम बॉय या खिशातल्या खेळयंत्रावर रचलेल्या संगीताची शाखा मोठी आहे. ऑलिव्हर विट्शॉव यांचे १९९८चे 'नॅनोलूप' आणि योहान कोट्लिन्स्की यांचे २०००चे 'लिटल साउंड डीजे' हे तिचे दोन पाया घालणारे कार्यक्रम. न्यूयॉर्कात २००६ ते २०१२ या काळात 'ब्लिप फेस्टिव्हल' भरत असे. तेथे हे संगीत खोलीतून उठून रंगमंचावर गेले. वेळेअभावी तिचा एवढाच उल्लेख करतो.

कारण ज्या चिपेपासून निघालो तिच्याकडे परत गेले पाहिजे. ती मरते आहे. कमोडोर कंपनी १९९४ साली दिवाळ्यात निघाली. त्यानंतर कमोडोरची सिड चिप पुन्हा झाली नाही. ज्या आहेत त्या तापतात, जळतात, आणि एक गेली की जगातली एक कमी होते. 'इलेक्ट्रॉन' या स्वीडिश कंपनीने १९९९ साली याच चिपेवर आधारलेले 'सिडस्टेशन' नावाचे वाद्य काढले. साठवणीतल्या चिपा संपल्या तेव्हा ते बंद करावे लागले. लाकूड मिळत राहील तोवर वीणा होत राहील, पण येथे वाळूपासून तोच तुकडा पुन्हा घडवणारा कारखानाच उरलेला नाही. त्यामुळे काही गुणी मंडळींनी चिपेची हुबेहूब वागणूक गणिताने लिहून काढली. दाग लेम यांचा 'रीसिड' हा त्यातला नावाजलेला प्रयत्न. त्यात नुसत्या तिच्या गुणांची नक्कल करून भागत नाही. गाळणीची लहर, किल्लीचा 'टक्', एक स्वर दुसऱ्यात किंचित पाझरतो तो पाझर, हे सगळे दोष मोजून उतरवावे लागतात. आणि कोणत्या चिपेची गाळणी खरी मानायची, हा प्रश्न उरतोच.

चाली मात्र वाचल्या आहेत. 'हाय व्होल्टेज सिड कलेक्शन' या नावाने स्वयंसेवकांनी पन्नास हजारांहून अधिक चाली जमवल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ सामान्य आहेत, कित्येक तर एकमेकींची पिल्ले; ते कोणत्याही संग्रहात व्हायचेच. पण हा संग्रह मुद्रणांचा नाही. जुन्या खेळांच्या आतून संगीताचा मूळ कार्यक्रमच सोडवून काढलेला आहे. म्हणजे १९८५च्या त्या रात्री हबर्डने लिहिलेले आकडे आजही तेच आहेत आणि दर वेळी नव्याने वाजतात. फिनलंडने २०२० साली, जर्मनी आणि पोलंडने २०२१ साली आणि नेदरलँड्सने २०२३ साली युनेस्कोच्या करारान्वये ठेवलेल्या आपापल्या राष्ट्रीय सूचीत या डेमोकलेला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून जागा दिली. ज्या सूचीत लोकगीते आणि सणवार, तीतच हे.

या संग्रहातील प्रत्येक फाइलीच्या आरंभी काही नोंदी असतात: चालीचे नाव, कर्त्याचे नाव, साल. त्यांच्या मागोमाग आणखी एक लहानशी खूण असते. ही चाल ६५८१वर रचली की ८५८०वर, म्हणजे दोष असलेल्या चिपेवर की दुरुस्त केलेल्या, हे ती सांगते. आणि वाजवणारा कार्यक्रम ती खूण वाचून, हवे असतील तर ते दोष चालू करतो.